पान एक्केचाळीस

खासनीसांच्या छापखान्यात, अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात,
गेली बावीस वर्षं मी न आणि ण वेगळे करते.
पगार बेताचा. चष्मा जाड.
परवा हाती आलं लहान मुलांचं पुस्तक, पान एक्केचाळीस,
मथळा: पानघोडा.

‘अहो परदेशी, पाण! पाण्यातला!’
कळफलकावरून मान न उचलता परदेशी म्हणाले,
‘बाई, आमच्या घरी पानीच म्हणतात.
तहान तेवढीच भागते.’

न खोडला, ण घातला,
मग चित्राकडे बघितलं, तर शेपटीचं वेटोळं घातलेला,
बोटभर उंचीचा
समुद्रघोडा!
खासनीस म्हणाले, ‘घोडाच आहे ना?
मग घोडं पेंड कुठे खातंय?’
म्हटलं, ‘पेंड नाही, गवत खातो. रात्री. चाळीस किलो.’

दुपारी शहर पडदे ओढून घेतं तेव्हा मी मजकूर तपासते.
पाणघोडा तेव्हा पाण्याखाली झोपलेला असतो.
श्वास संपला की झोपेतच वर येतो,
नाकपुड्या उघडतो, फुस्स करतो,
डोळा न उघडता परत खाली.
एक ते चारमध्ये दार वाजवा,
आमचे दुकानदारही एवढंच करतात.

त्याला पोहता येत नाही.
इथे परदेशींनी समासात प्रश्नचिन्ह काढलं होतं:
नावात पाणी, आणि पोहता येत नाही?
नाही. तो तळावरून चालत जातो,
अडीच घरं नव्हे, सरळ.
‘तुमच्या नावात परदेश,’ मी म्हटलं,
‘लोणावळ्याच्या पुढे कधी गेलात?’
हसले. प्रश्नचिन्ह स्वतःच खोडलं.

आणि चुलतभाऊ कोण? देवमासा.
एकाच्या नावात मासा, तो मासा नाही.
एकाच्या नावात घोडा, तो घोडा नाही.
घराण्यातच मुद्रणदोष,
तिथे माझी पेन्सिल काय करणार!

गेंड्याची कातडी म्हणतात, याचीही काही कमी जाड नाही,
तरी उन्हात जरा रेंगाळला की भेगाळतो.
म्हणून अंगावर झिरपतं काही तांबूस, चिकट,
ना रक्त, ना घाम.
आम्ही इथे रक्ताचं पाणी करतो,
तो नुसता रंग उसना घेतो आणि बुडी मारतो.
माझा पाणउतारा खासनीस आठवड्यातून दोनदा करतात.
त्याचा रोज पहाटे होतो,
आणि त्याला आवडतो.

पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली.
‘काहीतरी यमक टाका, बाई.’
टाकलं:

    जांभई देतो पाणघोडा,
    जबडा होतो केवढा?
    तिसरीतला उभा मुलगा
    मावेल त्यात, तेवढा!
    ‘मोठा आ कर,’ म्हणाले डॉक्टर,
    आणि पळाले, सोडून स्कूटर.

पुस्तक निघालं. मथळ्यात ण ठसठशीत,
चित्रात खरा, ढेरपोट्या, कान हलवणारा पाणघोडा.
पण अनुक्रमणिका कोणी तपासली होती?
मीच.
चौदावी ओळ: पानघोडा, पान ४१.

तीन आठवड्यांनी धायरीहून पोस्टकार्ड आलं,
कु. शर्वाणी शितोळे, इयत्ता तिसरी:
‘पानघोडा पान खातो का? कात-चुना लावून?
म्हणून त्याचा घाम लाल असतो का?
तो थुंकतो कुठे?’

परदेशींनी ते तीनदा वाचलं,
खिळ्याला अडकवलं, वीजबिलाच्या वर,
आणि हळूच म्हणाले, ‘तुमच्या ण मध्ये
हे सगळं मावलं असतं का, बाई?’

दुसरी आवृत्ती दिवाळीनंतर.
पेन्सिलीला टोक केलंय, दोनदा.
तेरावी ओळ, पाणकोंबडी: बरोबर.
पंधरावी, पांढरा वाघ: बरोबर.
मधल्या ओळीपाशी
घोडं अडलंय.